निर्वासित कुठे लवकर रुळतात, युरोपात की अमेरिकेत?

पळसपान (कोलंबस, ओहायो)

स्वीडन-जर्मनीतल्या बातम्यांवर इथे चर्चा निघाली की बहुतेक वेळा एकच निष्कर्ष निघतो: युरोपचं चुकलं, अमेरिकेला जमलं. गेली काही वर्षं मी शनिवारी भूतानमधून आलेल्या नेपाळी भाषक निर्वासितांची नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेतो. त्यामुळे या विषयाची एक बाजू जवळून दिसते. अमेरिकेला नक्की काय जमलं, आणि त्याची किंमत कोणी मोजली, यावर नीट बोलायला हवं असं वाटतं.

भूतानच्या लोकांवरून सुरुवात करतोय कारण तुलनेला याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. दक्षिण भूतानमध्ये संत्री आणि वेलदोड्याची शेती करणारी ही माणसं. १९८५चा नागरिकत्व कायदा आला, पाठोपाठ १९८८ची जनगणना झाली. १९५८ साली इथेच राहत होता याचा कागद दाखवा, नाहीतर तुम्ही परके, असा तो हिशोब होता. सारा भरल्याची तीस वर्षांपूर्वीची पावती ज्यांच्या घरात सापडली नाही ते एका फटक्यात बेकायदा ठरले. १९९० नंतर लाखभर लोक देशाबाहेर घालवले गेले आणि नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत येऊन पडले. बांबूच्या झोपड्यांत एक अख्खी पिढी वाढली. २००७-०८ पासून आठ देशांनी मिळून त्यांतल्या एक लाखाहून जास्त लोकांना घेतलं. सुमारे ९६ हजार एकट्या अमेरिकेत आले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने काही हजार घेतले, तर नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्सने काही शेकडा. म्हणजे छावणी एक, भाषा एक, कधी कधी आईबापही एकच. एक भाऊ पेनसिल्व्हेनियात उतरला आणि दुसरा नॉर्वेत.

अमेरिकेतला भाऊ उतरतो तेव्हा विमानतळावर स्वयंसेवी संस्थेचा माणूस असतो. भाड्याचं घर आधीच घेऊन ठेवलेलं असतं. त्या घरात काय काय असायला हवं याची सरकारी यादी आहे: माणशी एक काटा, एक सुरी, एक चमचा, झोपायला पलंग, दिवा, आणि एक गजराचं घड्याळ. पहिल्या दिवशी त्यांच्या चवीचं तयार जेवण ठेवायचं, हाही नियम. संस्थेची ही पहिली मदत साधारण ९० दिवसांची. पुढे थोडीफार मिळते, पण सगळा रोख एकाच गोष्टीवर: कामाला लागा. काम करायची परवानगी पहिल्या दिवसापासून असते. विमानाचं तिकीटही फुकट नाही, ते बिनव्याजी कर्ज असतं आणि काही महिन्यांत हप्ते सुरू होतात. शाळेचं तोंड न पाहिलेला पन्नाशीचा माणूस तिसऱ्या महिन्यात गोदामात रात्रपाळीला खोकी भरत असतो.

नॉर्वेतल्या भावाला नगरपालिकेने घर दिलं आणि दोन वर्षांपर्यंत भाषेच्या आणि समाजाची ओळख करून देणाऱ्या वर्गात बसवलं. त्या वर्गात बसण्याचे दरमहा पैसेही दिले. इथल्या नातेवाइकांना फोनवर हे ऐकून सुरुवातीला त्याचा हेवा वाटायचा.

सात-आठ वर्षांनी इथे काय दिसलं? कोलंबसच्या पूर्वेला रेनॉल्ड्सबर्गकडे या लोकांनी घरं घेतली, किराण्याची दुकानं काढली. २०१९ मध्ये भुवन प्याकुरेल रेनॉल्ड्सबर्गच्या नगर परिषदेवर निवडून आले. अमेरिकेत सार्वजनिक पदावर निवडून आलेले ते पहिले भूतानी निर्वासित. त्याच समाजात सुरुवातीच्या वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट होतं. सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राने त्याचा अभ्यास केला. नोकरी नाही, भाषा येत नाही, कुटुंब विखुरलेलं, ही कारणं पुन्हा पुन्हा पुढे आली. तरुणांनी जी भरारी घेतली ती घेताना घरातले म्हातारे मागे एकटे पडले. 'अमेरिकेला जमलं' म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही एकत्र बघावं.

माझं मत असं: आधी भाषा की आधी काम हा वाद महत्त्वाचा आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा की आलेल्या माणसाला 'आता तुला इथून कोणी हलवणार नाही' हे कधी आणि किती ठामपणे सांगितलं जातं. अमेरिकेत रीतसर आलेल्या निर्वासिताला वर्षभराने ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, नव्हे करावाच लागतो. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा. इथे जन्मलेलं मूल जन्मतःच अमेरिकन. माझ्या मते माणसं रुळली ती त्या कागदामुळे. ९० दिवसांच्या कडक शिस्तीचा त्यात वाटा फार कमी.

युरोपात राहणाऱ्यांनी आपला अनुभव लिहावा.

अबोली (लाइपझिग)

चांगला धागा. मी नवऱ्याच्या मागोमाग इथे आले आणि सरकारी इंटिग्रेशन कोर्सला बसले. तो फक्त निर्वासितांसाठी असतो असं भारतात अनेकांना वाटतं, तसं नाही. माझ्या वर्गात सीरियाचे चार जण, दोन युक्रेनी बायका, एक एरिट्रियाचा मुलगा, एक ब्राझीलची आणि आम्ही दोघी भारतीय होतो. भाषेचे ६०० तास आणि कायदा-इतिहास-समाज यांचे १०० तास. शेवटी भाषेची बी-१ (मधल्या टप्प्याच्या) पातळीची परीक्षा आणि ३३ प्रश्नांची दुसरी एक परीक्षा.

माझ्या शेजारच्या बाकावर सीरियातल्या हलबचे (अलेप्पोचे) एक गृहस्थ बसायचे. तिकडे त्यांचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. हातात कसब पुरेपूर, पण इथे कारखान्यात नीट जागा हवी तर तीन-साडेतीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे कामावर राहून घ्यायचं रीतसर शिक्षण, आणि शेवटी प्रमाणपत्र. पंचेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांबरोबर शिकाऊ म्हणून उभं राहायचं. त्यांनी ते केलं. आज ते पक्क्या नोकरीत आहेत, पगार चांगला आहे, आजारपणाची रजा, पेन्शन सगळं आहे. अमेरिकेत त्यांना तिसऱ्या महिन्यात काम मिळालं असतं हे खरं. पण लेथवर मिळालं असतं की गोदामात?

आकडा सांगायचा तर २०१५ मध्ये आलेल्यांपैकी ६४ टक्के लोक सात वर्षांनी कामाला होते. हळू, पण निश्चित. त्या आकड्याच्या पोटात मात्र मोठी दरी आहे: पुरुषांत चारांतले तीन कामाला, बायकांत तिघींतली जेमतेम एक. 'त्यांच्या संस्कृतीत बायका काम करत नाहीत' असं पटकन म्हटलं जातं. माझ्या वर्गातल्या दोघी सीरियन बायकांनी कोर्स अर्ध्यात सोडला, कारण मुलाला पाळणाघरात जागा मिळेना. तिथे ना धर्म आडवा आला ना नवरा. पाळणाघराची रांग हा इथे सगळ्यांचाच प्रश्न आहे, पण जिची आई-सासू जवळ नाही आणि जिला जर्मन येत नाही तिला ती रांग सर्वांत लांब पडते.

तुमचा कागदाचा मुद्दा शंभर टक्के पटला. इथे आश्रयाचा अर्ज केल्यावर निकालापर्यंत माणूस लोंबकळत राहतो. सुरुवातीचे काही महिने कामाला बंदी. अर्ज नाकारला पण परत पाठवता येत नाही, अशांना 'डुल्डुंग' देतात, म्हणजे हद्दपारी तेवढी पुढे ढकललेली. काही जण दर काही महिन्यांनी तो कागद वाढवून घेत वर्षानुवर्षं काढतात. अशा माणसाला मालक तीन वर्षं शिकवायला कशाला घेईल? म्हणून २०१६ मध्ये नियम केला की शिक्षण घेत असशील तर ती तीन वर्षं आणि पुढे नोकरीची दोन वर्षं तुला हलवणार नाही. कारखानदारांनीच त्याचा आग्रह धरला होता.

वऱ्हाडी (अमरावती)

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी विचारतो. कोलोनला २०१५च्या वर्षअखेरीच्या रात्री रेल्वे स्टेशनसमोर शेकडो बायकांवर हात टाकले गेले, त्यात बरेच आश्रय मागायला आलेले होते. स्वीडनमध्ये टोळ्यांचे गोळीबार. फ्रान्समध्ये दर काही वर्षांनी उपनगरं पेटतात. कागद लवकर द्या, काम द्या हे सगळं ठीक, पण येणाऱ्या माणसाची मूल्यंच वेगळी असतील तर? भूतानचे नेपाळी हिंदू-बौद्ध, शांत शेतकरी. त्यांच्यावरून सीरिया-अफगाणिस्तानबद्दल निष्कर्ष काढता येईल का? मनात आकस ठेवून विचारत नाहीये. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

सह्यकडा (गोथेनबर्ग)

वऱ्हाडीभाऊ, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. कोलोनमध्ये जे झालं ते भयंकर होतं आणि त्यानंतर जर्मनीने २०१६ मध्ये लैंगिक गुन्ह्यांचा कायदा कडक केला. मी बारा महिने स्वीडनमध्ये असतो, तेव्हा इथलं सांगतो.

स्वीडनने २०१५ मध्ये १ लाख ६३ हजार आश्रय अर्ज घेतले. देशाची लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्या आत. त्याआधीही प्रमाण मोठंच होतं. २००८ मध्ये सोडरटेल्ये या छोट्या शहराचे महापौर अमेरिकी काँग्रेससमोर सांगून आले होते की आमच्या एका गावाने अमेरिका आणि कॅनडा मिळून घेतले त्याहून जास्त इराकी घेतलेत. मन मोठं होतं यात शंका नाही. पण घरं कुठे होती? १९६५ ते १९७४ या काळात सरकारने दहा लाख घरं बांधली होती. शहराच्या कडेला सिमेंटच्या उंच इमारती. स्वीडिश कुटुंबं तिथून हळूहळू बाहेर पडली आणि रिकाम्या जागांत नवे आलेले भरत गेले. माल्मोचं रोसेनगोर्ड, स्टॉकहोमचं रिंकेबी, आमच्याकडचं आंगेरेड. १९९४च्या कायद्याने आश्रय मागणाऱ्यांना राहायची जागा स्वतः निवडायची मोकळीक दिली. माणूस साहजिकच नातेवाइकाच्या घरी गेला. एका खोलीत सहा जण, आणि शाळेत स्वीडिश बोलणारं मूल शोधून सापडेना.

दुसरी गोष्ट नोकरीची. इथे कमी शिक्षणाची कामं मुळातच थोडी. युनियनच्या करारांमुळे सर्वांत खालचा पगारही चांगला असतो. ही स्वीडनची अभिमानाची गोष्ट आहे आणि मला ती आवडते. पण तेवढा पगार देऊन भाषा न येणाऱ्याला मालक ठेवत नाही. ओहायोच्या गोदामासारखी खालची पायरी इथे जवळजवळ नाहीच. बाप दहा वर्षं सरकारी मदतीवर बसलेला मुलाने पाहिला, शाळा नावापुरती झाली, आणि कोपऱ्यावर टोळीवाला नवे बूट आणि पैसे घेऊन उभा. गोळीबार करणारी बरीच पोरं इथेच जन्मली किंवा इथेच वाढली आहेत. त्यांची मूल्यं सीरियातून आली म्हणावं तर ती सीरियात कधी राहिलीच नाहीत. २०२२ मध्ये पंतप्रधान माग्दालेना आंदेरसन यांनी स्वतः जाहीर कबूल केलं की विभागणी इतकी वाढू दिली की देशात समांतर समाज तयार झाले.

संस्कृतीचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही. मुलीच्या लग्नावरून, बुरख्यावरून, इज्जतीवरून घराघरांत जे होतं ते मी ऐकलंय, आणि त्याचे बळी बहुतेक त्याच समाजातल्या मुली असतात. पण तेच इराकी, तेच सोमाली मिनेसोटात किंवा मिशिगनमध्ये वेगळे वागताना दिसतात, तेव्हा फक्त संस्कृतीवर बोट ठेवून भागत नाही.

पळसपान (कोलंबस, ओहायो)

सह्यकडा, शेवटचा मुद्दा थोडा पुढे नेतो. अमेरिकेच्या मेन राज्यात लुइस्टन नावाचं जुन्या कापड गिरण्यांचं गाव आहे. गिरण्या बंद पडलेल्या, लोकसंख्या घटत चाललेली. २००१ पासून तिथे सोमाली यायला लागले. २००२ मध्ये महापौरांनी त्यांना खुलं पत्र लिहिलं की आता आणखी माणसं आणू नका, गावाची ताकद संपली. देशभर बोंब झाली. पुढच्या जानेवारीत गोऱ्या वंशवाद्यांची सभा झाली, आणि तिच्या विरोधात त्याहून कितीतरी मोठा जमाव त्याच गावात गोळा झाला. आज तिथल्या मुख्य रस्त्यावर सोमाली दुकानं आहेत.

न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाचंही तसंच. बोस्नियाचे निर्वासित आले, पडकी घरं विकत घेऊन स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. नगरपालिकेच्या शेजारचं रिकामं पडलेलं मेथडिस्ट चर्च त्यांनी घेतलं आणि तिथे मशीद केली. गाव ओसाड पडलेलं होतं म्हणून तिथे घर स्वस्त होतं. रोसेनगोर्ड आणि युटिका यांतला हा फरक मला फार मोठा वाटतो: एका ठिकाणी भाड्याचा सरकारी फ्लॅट, दुसऱ्या ठिकाणी स्वतःचं मोडकं घर.

मात्र वऱ्हाडीभाऊंच्या प्रश्नातली एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. अमेरिका निवडून घेते. छावणीत मुलाखती, तपासण्या, दीड-दोन वर्षांची चाळणी, मधे महासागर. युरोपात माणूस बोटीने, चालत दारात येतो आणि मग आश्रय मागतो. २०१५ मध्ये समुद्रातून दहा लाखांहून जास्त लोक आले. अमेरिकेने त्या काळात वर्षाला निवडून आणलेले निर्वासित लाखाच्याही आत. दोन्हींची सरळ तुलना करणं जर्मनीवर अन्याय आहे. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर चालत येणाऱ्यांना तुम्ही बघितलं, तर तिथे पहिल्या दिवशी कामाची परवानगी नाही, संस्था नाही, चमचा नाही. आश्रयाचा अर्ज केल्यावर कामाच्या परवान्याला किमान १८० दिवस, आणि निकाल लागायला अनेक वर्षं.

बाभूळ (एडिसन, न्यू जर्सी)

हे सगळं वाचून जे आतून आलं ते लिहितो. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलो, कर भरतो, मुलं इथल्या शाळेत आहेत. निर्वासिताला वर्षाने ग्रीन कार्ड, आणि मला? नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १ लाख ४० हजार, त्यात एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाहीत. भारतीयांची रांग दशकांची आहे. मुलगा २१ वर्षांचा झाला की माझ्या अर्जातून बाहेर पडतो. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा. घर घेतलंय, पण भिंतीला रंग देतानाही मनात येतं की राहणार आहोत का.

निर्वासितांबद्दल माझ्या मनात अजिबात कडवटपणा नाही. त्यांनी जे भोगलं त्यापुढे माझं काहीच नाही. पळसपान यांचा मुद्दा माझ्यासारख्यांनाही तंतोतंत लागू पडतो, एवढंच सांगायचंय. कागद अधांतरी असला की माणूस शहराच्या निवडणुकीत, शाळेच्या समितीत, शेजाऱ्याच्या भांडणात कशातच पडत नाही. लोक म्हणतात भारतीय आपल्यातच राहतात. कायम राहता येईल की नाही हेच ठाऊक नसेल तर माणूस आणखी कुठे मुळं धरणार?

अबोली (लाइपझिग)

बाभूळ, इथे ब्लू कार्डवर (कुशल परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) असलेल्याला २७ महिन्यांत कायम राहण्याचा परवाना मिळतो, बी-१ जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत. जून २०२४ पासून नागरिकत्वाला आठऐवजी पाच वर्षं पुरतात आणि जुनं नागरिकत्वही सोडावं लागत नाही. (भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे आपल्याला तो उपयोग नाही.) म्हणजे याबाबतीत जर्मनीने अमेरिकेला मागे टाकलंय. पण हे शहाणपण यायला जर्मनीला किती वेळ लागला! १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, त्यांना 'पाहुणे कामगार' म्हटलं. १९७३ मध्ये भरती थांबवली. पाहुणे परत गेले नाहीत, बायकामुलं इथे आणली. आणि २००० सालापर्यंत जर्मनीत जन्मलेलं त्यांचं मूल कागदोपत्री परदेशीच राहिलं. चाळीस वर्षं ज्यांना 'तुम्ही जाणार आहात' असं गृहीत धरलं, त्यांच्या नातवंडांना आज विचारतात की तुम्ही मिसळत का नाही.

शाळेचंही बोलायला हवं. इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढे विद्यापीठात जायचं तर गिम्नाझियम. नाहीतर हाउप्टशूलेसारखी, लवकर कामाला लावणारी शाळा. शिफारस शिक्षक करतात. दहा वर्षांच्या मुलाला घरी जर्मन बोलणारं कोणी नसेल तर त्याची शिफारस कुठे जाईल ते उघड आहे. बायोएनटेकचे उगूर शाहिन चार वर्षांचे असताना तुर्कस्तानातून आले, वडील कोलोनच्या फोर्ड कारखान्यात कामाला. त्यांचीही शिफारस हाउप्टशूलेचीच झाली होती, शेजारच्या जर्मन माणसाने मध्ये पडून ती बदलायला लावली. कोव्हिडची लस बनवणारा माणूस एका शेजाऱ्यामुळे वाचला. ज्यांना तसा शेजारी मिळाला नाही ते किती, हा विचार मला सतत छळतो, कारण माझी मुलगी आता तिसरीत आहे.

मांडवी (स्विंडन)

मी मूळची पणजीची. निर्वासित नव्हे, पण कागदाच्या जोरावर आलेल्यांपैकी, म्हणून लिहिते. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. तो पासपोर्ट हातात आला की ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडमध्ये सरळ काम करता यायचं. स्विंडनमध्ये त्यामुळे गोंयकारांची मोठी वस्ती झाली. गोदामं, कारखाने, वृद्धाश्रम. कोणी भाषेचा वर्ग दिला नाही, कोणी घर दिलं नाही. पण उतरल्या दिवसापासून हक्काने राहता आलं, तेवढ्याने पुष्कळ होतं. ब्रेक्झिटनंतर सेटल्ड स्टेटसचे, म्हणजे कायम राहण्याच्या हक्काचे, अर्ज भरताना पहिल्यांदा आमच्या माणसांच्या तोंडावर भीती दिसली. वयस्कर बायकांना मोबाइलवर पासपोर्ट स्कॅन करून देताना माझे रविवारच्या रविवार गेले.

ब्रिटनचा जुना दाखला लेस्टरचा. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत युगांडा सोडायला लावलं. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले, त्यांत बहुसंख्य गुजराती, काही गोंयकारही. लेस्टरच्या नगरपालिकेने कंपालातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आमच्या गावात येऊ नका. लोक तरीही आले. ते ब्रिटिश पासपोर्ट घेऊनच आले होते, त्यामुळे त्यांना कोणी काढू शकत नव्हतं. आज बेलग्रेव्ह रोडची दिवाळी हीच लेस्टर नगरपालिका मिरवते. त्याच शहरात २०२२ मध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुण रस्त्यावर एकमेकांसमोर उभे राहिले, तेही विसरता येत नाही. पन्नास वर्षांनीही तिकडची भांडणं इकडे येऊ शकतात.

वऱ्हाडी (अमरावती)

सगळ्यांचे आभार. माझं मत बरंचसं बदललं, पूर्ण नाही. मग डेन्मार्कचं काय म्हणाल? ते लोक तर कडक धोरण यशस्वी झालं म्हणतात.

सह्यकडा (गोथेनबर्ग)

डेन्मार्कला जाणं-येणं असतं म्हणून सांगतो. कडक धोरणाने येणाऱ्यांचा आकडा कमी झाला, हे यश असेल तर ते आहे. पण आत असलेल्यांचं काय? २०१८ मध्ये 'घेटो' वस्त्यांचा कायदा केला. 'बिगर-पाश्चात्त्य' रहिवासी निम्म्याहून जास्त असलेल्या काही वस्त्यांत सामाजिक घरांचं प्रमाण खाली आणायचं, घरं पाडायची किंवा विकायची. कोपनहेगनच्या म्योल्नरपार्कनच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. २०१९ पासून धोरणच बदललं: निर्वासिताचा परवाना तात्पुरता, उद्देश परत पाठवण्याचा. दमास्कसच्या भागातून आलेल्या सीरियनांना, ज्यांत डॅनिश शिकलेल्या, वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या, परीक्षा देणाऱ्या मुलीही होत्या, परवाना काढून घेतल्याची पत्रं गेली. युद्ध तेव्हा संपलेलं नव्हतं.

युक्रेनचा दाखला याच्या बरोबर उलटा. मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघाने २००१ सालचा तात्पुरत्या संरक्षणाचा नियम पहिल्यांदा वापरला. पहिल्या दिवसापासून काम, शाळा, दवाखाना, देश निवडायची मुभा. ४० लाखांहून जास्त माणसं सामावली. पोलंडमध्ये ती झपाट्याने कामाला लागली, जर्मनीत आधी भाषा शिकत बसली म्हणून हळू. म्हणजे युरोपला हे जमत नाही असं नाही, मनात आणलं तर जमतं. नावात 'तात्पुरतं' आहे हा काटा मात्र तिथेही आहेच.

पळसपान (कोलंबस, ओहायो)

एक गोष्ट लिहायची राहिली होती, आणि ती लिहिल्याशिवाय माझं वरचं सगळं अर्धवट आहे.

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने निर्वासितांना आणण्याचा कार्यक्रम थांबवला. १९८० च्या कायद्याने उभं राहिलेलं ते जाळं, चमच्यापासून गजराच्या घड्याळापर्यंतची ती यादी सांभाळणाऱ्या संस्था, जवळपास बंद पाडल्या. २०२६ च्या आर्थिक वर्षाची मर्यादा ७,५०० वर आणली, २०२४ मध्ये लाखाच्या घरात आले होते.

आणि मार्च २०२५ पासून भूतानच्याच निर्वासितांना पकडून परत भूतानला पाठवायला सुरुवात झाली. दोन डझनांहून जास्त माणसं गेली. ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व घेतलं नव्हतं, आणि नावावर गुन्हा होता. काहींचा जुना, शिक्षा भोगून झालेली. ज्या देशाने त्यांना नागरिक मानलंच नाही त्याने विमानतळावर उतरवून घेतलं आणि लगेच भारताच्या सीमेवर फुंत्शोलिंगला नेऊन सोडलं. तिथून पश्चिम बंगाल ओलांडून काही जण नेपाळला पोचले. नेपाळ पोलिसांनी कागद नाहीत म्हणून पकडलं. काही जण झापातल्या त्याच छावणीत परतले जिथे त्यांचं बालपण गेलं होतं. भूतान, अमेरिका, भारत, नेपाळ, चारही देशांनी हात झटकले.

हे झाल्यापासून माझ्या वर्गाची रया बदलली. आधी म्हातारी माणसं निवांत यायची. अर्ध्या वर्गाची जन्मतारीख कागदावर १ जानेवारी आहे, कारण छावणीत नोंद करताना खरी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती, आणि त्या दिवशी सगळे मिळून सेलरोटी (सणाचा गोड नेपाळी पदार्थ) आणायचे. आता लोक पहिला प्रश्न विचारतात तो अर्ज कधी भरायचा. परवा सत्तरीच्या एक आजी स्वतःचं नाव इंग्रजीत लिहायला शिकत होत्या. पेन धरायची सवय नाही, अक्षर रेघेच्या खाली घसरत होतं. मी म्हटलं, बस करा आता, हात दुखेल. त्या नेपाळीत म्हणाल्या, सही आली नाही तर मला पण नेतील.

बाभूळ (एडिसन, न्यू जर्सी)

वाचून सुन्न झालो. पळसपान, प्रत्यक्ष काही करता येण्यासारखं आहे का? आमच्याकडे मराठी मंडळात बरेच जण मदत करतील.

पळसपान (कोलंबस, ओहायो)

हो, आहे. नागरिकत्वाच्या अर्जाची फी कागदी अर्जाला ७६० डॉलर, ऑनलाइन ७१०. उत्पन्न कमी असेल तर माफ होऊ शकते, पण माफीचा अर्ज भरून देणारं कोणी लागतं. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांची परीक्षाही अवघड झाली आहे: १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. पूर्वी १०० मधून १० विचारायचे आणि सहा पुरायचे. ६५ वर्षांवरच्या आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं झालेल्यांना सवलत आहे, पण आमचे बहुतेक लोक २००८ नंतर आलेले, त्यामुळे ती अजून लागू होत नाही. अपंगत्व किंवा स्मृतिभ्रंश असेल तर डॉक्टरांनी भरून द्यायचा वेगळा फॉर्म आहे, आणि तो नीट न भरल्यामुळे खूप अर्ज परत येतात. तुमच्या मंडळात डॉक्टर असतील तर सर्वांत जास्त उपयोग त्यांचा. ज्यांच्या नावावर कुठलाही गुन्हा आहे, अगदी जुना, किरकोळ सुद्धा, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय अर्ज भरू नये. अर्जामुळेच फाइल उघडते. हिंदी बोलता येणारं कोणीही चालेल, हे लोक हिंदी उत्तम समजतात. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, भारतीय वेळेप्रमाणे रविवारी सकाळी ऑनलाइन सराव घेता येईल का तेही बघू.